मापवाली बसली ती बसलीच

आमच्या नाटक कंपनीत मापवाली पहिल्यांदा आली तेव्हा तिच्याजवळ टेपसुद्धा नव्हती. मालकांनी विचारलं, "मापं कशानं घेणार?"

"डोळ्यांनी," ती म्हणाली.

राजापासून भालदारापर्यंत सगळ्यांकडे तिनं एकेकदा पाहिलं आणि छाती, कंबर, बाही असं घडाघडा सांगत सुटली. आमच्या राजेसाहेबांची कंबर तिनं चाळीस सांगितली. राजेसाहेब भडकले. छत्तिसाच्या वर आपण उभ्या जन्मात गेलो नाही म्हणाले. शेवटी टेप आणली. एक्केचाळीस भरली.

"जेवून आलेत. एक त्याचा," असं म्हणून ती सुईत दोरा ओवायला बसली. त्या दिवसापासून कंपनीत तिचं खरं नाव कुणी घेतलं नाही. ती मापवाली झाली.

मी रंगमंचावर बावीस वर्षं होते, त्यातली चौदा वर्षं ती माझ्या पाठीमागे होती. पाठीमागे म्हणजे अगदी पाठीमागेच, टाचण्या लावत. कपडेपटाची आमची खोली एवढीशी. एका बाजूला मुकुटांच्या पेट्या, दुसऱ्या बाजूला दोरीवर वाळत घातलेल्या दाढ्या, आणि डिंकाचा नि घामाचा वास. त्या दोन्हींच्या मध्ये एक माणूस गुडघे टेकू शकेल एवढी जागा होती. तिथं जानमाज पसरून मापवाली नमाज पढायची. समोर काबा, डोक्यावर ऋषीची दाढी.

एकदा दुसऱ्या अंकात राणीच्या वेशात मी विंगेत उभी, आणि पाठीवरची शिवण टर्रकन उसवली. मी दबक्या आवाजात बोंब ठोकली, "मापवाले!" दोन मिनिटांत ती सुई घेऊन हजर. तिच्या कपाळावर अजून जानमाजची घडी उमटलेली होती.

"नमाज झाली?" मी विचारलं.

"झाली म्हणायची. अल्ला समजून घेतो. प्रेक्षक घेणार नाहीत."

हे वाक्य तिच्या तोंडून मी पुढं इतक्या वेळा ऐकलं की माझ्या संवादांसारखं तेही मला पाठ झालं. कंपनी बंद पडली. ज्या इमारतीत तिचं बिऱ्हाड होतं, त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर, सामायिक गॅलरीच्या पलीकडे मी खोली घेतली. तिचं दार माझ्या दारासमोर. आमच्यात पडदा असा राहिलाच नाही. मग मला दिसायला लागलं की कपडेपटात जे चालायचं तेच घरातही चालतं, फक्त इथं नाटक रोज आहे आणि मध्यंतर नाही.

घर दोन खोल्यांचं नि स्वयंपाकघराचं. नवरा घड्याळजी. खालीच त्याचं दुकान. माणूस सोन्यासारखा. जगातलं कुठलंही घड्याळ सेकंदाला लावून देईल, पण स्वतःचे मोजे शोधून काढता येणार नाहीत. सासूबाई अठ्ठ्याहत्तरीच्या, गुडघ्यांनी अधू, जिभेनं धडधाकट. मुलगा फिरतीच्या नोकरीवर, म्हणजे महिन्यातले वीस दिवस बाहेर. सून रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत कामाला. आणि या सगळ्यांच्या मधोमध शिलाईचं मशीन घेऊन मापवाली.

ती नमाजला उभी राहिली रे राहिली की घराला कंठ फुटायचा. सासूबाईंचा चष्मा हरवायचा. कुकर शिट्टी द्यायचा. दारात गिऱ्हाईक यायचं, "ब्लाऊज झालं का हो?" आणि तिचं कपाळ जमिनीला लागलेलं असताना घड्याळजी जिन्यातून ओरडायचे, "अगं, माझे मोजे?"

ती नमाज संपवणारा सलाम फिरवून उठायची आणि म्हणायची, "अल्ला समजून घेतो."

एकदा मीच चिडून म्हणाले, "त्यानं किती समजून घ्यायचं? त्याला काही दुसरा उद्योग नाही का?"

ती हसली. मग टाचण्यांची डबी उगीचच उघडून मिटली आणि म्हणाली, "बाई, मला ना एकच हवंय. आयुष्यात एकदा एक नमाज अशी व्हावी की जिच्यात मला कुणी हाक मारणार नाही. हाक आली नाही एवढंच नव्हे. हाक येईल अशी धास्तीही नको."

हाक मारणाऱ्यांच्या यादीत माझंही नाव होतं.

गल्लीच्या टोकाला एका आलिमेनं बायकांसाठी दर गुरुवारी वर्ग सुरू केला होता. आलिमा म्हणजे धर्माचा रीतसर अभ्यास केलेली बाई. ही सव्वीस वर्षांची, स्कूटरवरून यायची आणि हेल्मेट काढताच बोलायला सुरुवात करायची. मापवाली तिथं पहिल्यांदा गेली ती आलिमेच्या बुरख्याची बाही लांडी झाली होती म्हणून. परत आली ती डोळे चमकवत.

"बाई, एतिकाफ माहितीय तुम्हाला?"

मला कुठला माहीत असणार? तिनं सांगितलं. रोज्यांच्या महिन्यातले शेवटचे दहा दिवस सगळं सोडून एका जागी बसायचं. पुरुष मशिदीत बसतात. बाई घरातली एक जागा नमाजसाठी ठरवते आणि तिथं बसते. मोरीला जायचं, वजूला म्हणजे नमाजआधी हातपाय धुवायला जायचं, बस्स. विनाकारण बाहेर पाऊल टाकलं की एतिकाफ तुटला.

"आणि हे बायकांना चालतं?"

"चालतं काय! पैगंबरांच्या घरच्या बायकाही बसायच्या. आलिमेनं पुस्तकातून वाचून दाखवलं. मला इतकी वर्षं वाटत होतं, बसणं हे पुरुषांचं आणि बसलेल्यांना जेवण पोचवणं हे आपलं."

"मग बस की. अडवतंय कोण?"

"नवऱ्याची परवानगी लागते."

"घ्या! हक्क तुझा आणि चावी त्याच्याकडे?"

"तेच मी आलिमेला विचारलं. ती म्हणाली, घरच्यांची सोय न लावता पुरुषानंही बसू नये. पण खरी गंमत पुढंच आहे, बाई." ती माझ्या कानाशी आली. खोलीत आम्ही दोघीच होतो, तरी आली. "आम्ही ज्या इमामांच्या मार्गानं चालतो, त्यात असं आहे की नवऱ्यानं एकदा हो म्हटलं की संपलं. मग त्याला परत घेता येत नाही."

तिच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते मी पूर्वी फक्त खलनायकाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं होतं, तेही पहिल्या अंकाच्या शेवटी.

दोन दिवसांनी मी माझं गजराचं घड्याळ घेऊन दुकानात गेले होते. रोज्याची दुपार. घड्याळजींच्या डोळ्यावर भिंग, चिमट्यात तिळाएवढा स्क्रू, श्वास रोखलेला. तेवढ्यात मापवाली आली.

"अहो."

"हं."

"मी एतिकाफला बसू?"

"हं."

"शेवटचे दहा दिवस. घरातच. तुमची परवानगी लागते म्हणून विचारते."

"बस की."

"बसू ना?"

"अगं हो म्हटलं ना."

"नक्की?"

"हो! हो! हो! स्क्रू पडेल माझा!"

"निकाहात मी तीनदा 'कबूल' म्हटलं होतं," मापवाली शांतपणे म्हणाली. "आज तुमचं झालं. बाई, ऐकलंत ना?"

"शब्द न् शब्द," मी म्हणाले. नाटकात मी साक्षीदाराचं काम कधी केलं नव्हतं. तेही झालं.

घड्याळजींना वाटलं होतं, बायको दुपारी तासभर तसबीची माळ घेऊन बसेल. त्यांच्या घरात कुणी बाई एतिकाफला बसलेली त्यांनी पाहिली नव्हती, आणि न पाहिलेल्या यंत्राबद्दल त्यांनी चौकशी केली नाही. घड्याळाच्या बाबतीत त्यांनी ही चूक कधीच केली नसती.

पुढचे आठ दिवस मापवालीचं मशीन थांबलं नाही. मला वाटलं, गिऱ्हाइकांची कामं उरकतेय. ती शिवत होती चिठ्ठ्या. कापडाच्या पांढऱ्या पट्ट्यांवर लाल दोऱ्यानं अक्षरं काढून तिनं घरातल्या प्रत्येक वस्तूला पट्टी लावली. 'मीठ'. 'ही साखर, चाखून बघू नका, रोजा आहे.' 'सासूबाईंच्या गोळ्या: सकाळची पांढरी, संध्याकाळची पिवळी, मनाला येईल ती नाही.' मोज्यांच्या खणावर तर दोन ओळी होत्या: 'इथंच आहेत. तीस वर्षं इथंच होते.' सुनेला तिनं समोर बसवून सांगितलं, "तू माझी बदली नाहीस. तुला नोकरी आहे. दोघं हात लावा."

सून म्हणाली, "अम्मी, बाबांना हात आहेत हे मला माहीत होतं. बाबांना माहीत आहे का, ते बघायचं."

आणि विसाव्या रोज्याच्या संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आधी, मापवालीनं जागा ठरवली. घरात वारा येणारा कोपरा एकच होता, बाहेरच्या खोलीतला, खिडकीजवळचा. तिथं घड्याळजींची आरामखुर्ची असायची. ती तिनं आणि सुनेनं उचलून गॅलरीत ठेवली. कोपऱ्यापुढं दोरी बांधून कंपनीच्या जुन्या मखमली पडद्याचा एक तुकडा टांगला, सोनेरी झालरीसकट. आत जानमाज, कुराण, पाण्याची सुरई, उशी. ती आत गेली. पडदा पडला.

घड्याळजी वर आले. खुर्ची नाही. बायको नाही. खोलीत एक राजवाडा.

"हे काय?"

"एतिकाफ," पडद्यामागून आवाज आला.

"माझी खुर्ची?"

"गॅलरीत."

"पण माझ्या कोपऱ्यात का?"

"कुठं बसू ते तुम्ही विचारलं नाहीत."

पहिले दोन दिवस घरात जे झालं त्याला आमच्या भाषेत फजितीचा प्रवेश म्हणतात. तिच्या जायच्या-यायच्या वाटेवर, म्हणजे कोपरा ते मोरी, आठ पावलं, घड्याळजी टपून बसायचे. आलिमेनं सांगितलं होतं की गरजेचं बोललं तर चालतं, पण वाटेत थांबायचं नाही. त्यामुळं मापवाली ताडताड चालायची आणि घड्याळजी हातात बटण तुटलेला सदरा घेऊन तिच्या बाजूनं आडवे चालायचे.

"अगं, हे बटण..."

"सुई पेटीत."

"पेटी कुठं?"

"पट्टी वाचा."

"भाताला पाणी किती?"

"दुप्पट."

मोरीचं दार बंद. ती बाहेर आली की पुन्हा तीच वरात उलट दिशेनं. माझ्या दारातून मी बघत असायचे. तिकीट नव्हतं.

तिसऱ्या दिवशी घड्याळजी तडक मशिदीत मौलानांकडे गेले. ही हकिगत मला मौलानांच्या बायकोनं सांगितली, कारण ती दाराआड उभी होती.

"परवानगी परत घ्यायची आहे," घड्याळजी म्हणाले.

"दिलीत?" मौलाना म्हणाले.

"चुकून दिली. कामात होतो."

"शुद्धीत होतात?"

"म्हणजे... भिंग लावलेलं होतं."

"भिंगानं शुद्ध जात नाही. एकदा दिलीत ती दिलीत."

"मौलाना, घरात हाल आहेत हो. भात खालून करपतो आणि वरून कच्चा राहतो."

"सबर करा, भाई. आणि आवाज जरा खाली." मौलानांनी दाराकडे डोळ्यानं खूण केली. "आमच्या घरात ऐकतायत. पुढच्या वर्षी मलाही भात शिकावा लागेल."

चौथ्या दिवशी दुपारी मी तिला भेटायला गेले. भेटायला जाता येतं; फक्त गप्पांचा फड जमवायचा नाही. पडदा थोडा सारून मी कडेला बसले. ती भिंतीला टेकून बसली होती. हातात काहीच नव्हतं. चौदा अधिक अकरा वर्षांत मी तिचे हात रिकामे पहिल्यांदाच पाहिले.

"कसं चाललंय?"

"पहिले दोन दिवस डोक्यात नुसती मापं," ती हळू आवाजात म्हणाली. "सजद्यात कपाळ टेकलं तरी बाही चौदा, छाती छत्तीस. काल संध्याकाळी मापं संपली, बाई. आणि मग कळलं, मी इतकी वर्षं अल्लाशी कशी बोलत होते. दारात उभं राहून भाजीवाल्याशी बोलावं तशी. एक पाय आत, एक बाहेर."

"काय मागितलंस मग?"

"काहीच नाही. आधी नीट ओळख तर करून घेते."

मी उठले. जाताना तिनं एवढंच म्हटलं, "अजून ती नमाज झाली नाही. कान दाराकडं जातातच. पण होईल. सहा दिवस आहेत."

आता मला माझं पाप सांगायला हवं.

सहाव्या दिवशी घड्याळजी माझ्या दारात आले. दाढी वाढलेली, सदऱ्याला बटणाऐवजी घड्याळाच्या पट्ट्याचा खिळा.

"बाई, तुम्ही नाटकवाल्या."

"होते."

"आमच्या अम्मीला जरा आजारी पडायला शिकवाल? चक्कर वगैरे. सासू पडली की ही उठेल. एकदा उठली, बाहेर आली, की झालं."

तिला काय हवंय ते मला ठाऊक होतं. तिचे रिकामे हात मी पाहिले होते. मी त्या माणसाला जिन्यावरून खाली ढकलून द्यायला हवं होतं. पण तो पुढं म्हणाला, "फक्त दोन तालमी घ्या," आणि तालीम हा शब्द माझ्या कानांनी अकरा वर्षांनी ऐकला. मी हो म्हणाले. एकदाच म्हणाले, पण म्हणाले.

सासूबाई तालमीला अर्धा तास आधी आल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षं त्या या संधीची वाट बघत असाव्यात. मी त्यांना माझी ठेवणीतली मूर्च्छा शिकवली: उजवा हात कपाळाकडं, एक गिरकी, अर्धवट 'हाय', डाव्या कोपरावर भार आणि मग सावकाश मान टाकणं. त्यांना 'हाय' फार आवडलं. त्या तीनदा म्हणू लागल्या. मी म्हटलं, "एकदाच, सासूबाई. मरणारा माणूस पुन्हापुन्हा सांगत नाही."

सातव्या दिवशी दुपारी प्रयोग झाला. पडद्यापासून तीन पावलांवर घड्याळजींनी आधीच गादी पसरून ठेवली होती. दिग्दर्शक म्हणून मी दारात उभी. सासूबाईंनी हात कपाळाला लावला, गिरकी घेतली, 'हाय' दोनदा म्हटलं, आणि कोपरावर भार देऊन सुरेख कोसळल्या. घड्याळजी ओरडले, "अगं ए! अम्मी पडली!"

मखमल थरथरली. पडदा बाजूला झाला. मापवालीचा चेहरा पांढराफटक. तिनं सासूबाईंकडं पाहिलं, आणि तिचा उजवा पाय उचलला गेला, जानमाजच्या कडेवरून पुढं, हवेत. मला त्या क्षणी खरोखर चक्कर आली. गेले सात दिवस. गेली ती नमाज. आणि घालवली कुणी? मी तोंड उघडलं, पण ऐन वेळी माझा आवाज फुटेना. रंगमंचावर असं मला कधी झालं नव्हतं.

पाय हवेतच थांबला.

मापवालीनं सासूबाईंचं डावं कोपर पाहिलं. मग मान टाकलेली पाहिली. मग सावकाश डोळे वळवून दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं पाहिलं. तिनं पाय परत आत घेतला.

"सासूबाई," ती म्हणाली, "कोपराला लागलं का?"

"नाही गं," मूर्च्छित सासूबाई म्हणाल्या. "गादी आहे."

"हे पडणं माझ्या ओळखीचं आहे. तीनशे प्रयोग बघितलेत मी. बाईंच्या डाव्या बाहीत कोपराला कापूस मीच भरत होते."

घड्याळजी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघू लागले. सून स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडात कोंबून उभी.

"मी... चुकले गं," मी म्हणाले.

"तुमची शिवण उसवली तेव्हा मी घाईनं नमाज आटपली, बाई. ते मी आपखुशीनं केलं. हे तसं नव्हतं." एवढंच. आवाज चढला नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी खाली मान घालून निघणार, तेवढ्यात गादीवरून आवाज आला. सासूबाई अजून आडव्याच होत्या, पण आता त्यांना पडद्याच्या आतलं दिसत होतं.

"आत गार आहे गं."

"खिडकी आहे ना."

"मी पन्नास वर्षं चुलीपुढं नमाज पढले. मग गॅसपुढं पढले. बाजूला दूध उतू जायचं." त्या कोपरावर उठून बसल्या. "थोडा वेळ बसले तर चालेल?"

"नफली, म्हणजे आपखुशीच्या, एतिकाफाची नीयत करा. घटकाभर बसलात तरी होतो."

"मला परवानगी नको का?"

"कुणाची?"

सासूबाईंनी विचार केला. "खरंच की. माझा परवानगीवाला कबरीत जाऊन एकोणीस वर्षं झाली." आणि ज्या गुडघ्यांना जिना चढवत नव्हता त्या गुडघ्यांवर त्या तुरुतुरु सरकत आत गेल्या. पडदा पडला.

घटकाभर म्हणून गेलेली म्हातारी संध्याकाळी बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. घड्याळजी बायकोला काढायला गेले आणि आईही गमावून बसले. ताट आता दोघींचं आत पोचवावं लागायचं, आणि सासूबाई आतून सांगायच्या, "मीठ कमी आहे रे." माफी मागायला मी गेले तेव्हा त्यांनीच पडद्याच्या फटीतून डोकं काढून मला बजावलं, "आता तालीम नाही. आम्ही कामात आहोत."

मग मी माझ्याच डोक्यानं प्रायश्चित्त ठरवलं. गॅलरीत घड्याळजींच्या आरामखुर्चीत ठाण मांडलं आणि राखण सुरू केली. ब्लाऊजवाली आली, "झालं का हो?" "ईदनंतर." "पण मला..." "ईदनंतर." राणीचा आवाज कुठं वापरायचा असतो ते मला इतक्या वर्षांनी कळलं.

एकोणतिसाव्या संध्याकाळी चंद्र दिसला की एतिकाफ संपणार होता. घड्याळजी गच्चीवर जाऊन भिंग लावून आकाश बघत होते. भिंगानं चंद्र जवळ येत नाही हे मी त्यांना सांगितलं नाही. ढग होते. चंद्र दिसला नाही. मशिदीतून जाहीर झालं: उद्याही रोजा.

पडद्यामागून दोन बायकांचं खुदकन हसणं ऐकू आलं. घड्याळजी जिन्यात मटकन बसले. मी म्हटलं, "काही नाही हो, एक जादा प्रयोग आहे." ते म्हणाले, "बाई, एक विचारू? हे सगळं ती रोज एकटी करत होती?"

"आणि शिवायचीही."

"आणि मी मोजे मागत होतो." त्यांनी टक्कल खाजवलं. "खण उघडला ना, तर वरतीच होते हो."

तिसाव्या संध्याकाळी चंद्राची वाट बघायची गरजच नव्हती. महिना तिसाच्या पुढं जात नाही. सूर्य मावळला. खजूर खाऊन सगळ्यांनी रोजा सोडला. सासूबाई बाहेर आल्या, सुनेनं त्यांचे पाय चेपायला घेतले. एतिकाफ संपला होता. आता मापवालीला हाक मारायला कुणाचीच हरकत नव्हती. फिरतीवरून मुलगा आला होता. त्यानं दारातच तोंड उघडलं, "अम्..." आणि घड्याळजींनी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

पडदा आता बाजूलाच सारलेला होता. आत मापवाली मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, नमाजला उभी होती.

तीन रकात, म्हणजे नमाजच्या तीन फेऱ्या, ती किती वेळात उरकते ते मला ठाऊक होतं. विंगेत उभं राहून मी ते मोजलेलं आहे. पण ती उरकत नव्हती. उभी राहिली ती उभी. वाकली ती वाकलेली. कपाळ जमिनीला लागलं आणि तिथंच राहिलं. कुकरनं शिट्टी द्यायला सूर लावला, तशी सून धावत जाऊन गॅस बंद करून आली. गॅलरीत कुणीतरी "मापवाले..." म्हणालं, तर मी तिच्याकडं नुसतं बघितलं. सासूबाईंना चष्मा सापडत नव्हता. त्या तशाच चाचपडत बसल्या, एक अक्षर न बोलता. घड्याळजींनी स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक हातानं धरून थांबवला. इतकी वर्षं त्यांनी ते घड्याळ बंद पडू दिलं नव्हतं.

तिनं उजवीकडं सलाम फिरवला, मग डावीकडं. मग ओंजळ करून बसली. आम्हाला वाटलं, झालं. तिला नाही वाटलं. ती बसूनच राहिली. कान दाराकडं नव्हते. इतकी वर्षं मी तिची पाठ ओळखते; खांदे अगदी खाली आले होते, पेटीतल्या कपड्यासारखे नव्हे, अंगावर नीट बसलेल्या कपड्यासारखे.

केव्हातरी ती उठली. जानमाज दुमडलं नाही, तसंच पसरलेलं ठेवलं. बाहेर आली. सगळे उभे. तिनं मुलाच्या डोक्यावर हात ठेवला, सासूबाईंचा चष्मा त्यांच्याच केसांतून काढून नाकावर बसवला आणि स्वयंपाकघराकडं बघून नाक वर केलं.

"भात कुणी केला?"

"मी," घड्याळजी स्टुलावरूनच म्हणाले.

"खालून लागलाय."

"हो."

मापवाली गॅलरीत आली. मी खुर्चीतून उठले. ती बसली, पाय लांब केले आणि डोळे मिटले.

"वाढा," ती म्हणाली.